वीस एकर, चार करडं आणि एक रायफल

गेल्या ऑक्टोबरात माझ्या मावसभावाचा फोन आला. "दादा, चौथं करडू गेलं. मला बंदूक घ्यायचीय. कोणती घेऊ?"

तो ऑस्टिनमध्ये सॉफ्टवेअरमध्ये आहे. तीन वर्षांपूर्वी त्याने शहराच्या वायव्येला, लॅम्पॅससच्या बाजूला वीस एकर जमीन घेतली. टेक्सासात शेतीखाली असलेल्या जमिनीचं मूल्यांकन वेगळं होतं आणि मालमत्ता कर बराच उतरतो, म्हणून त्याने शेळ्या आणल्या. आमच्या ओळखीतल्या बऱ्याच मराठी, तेलुगू कुटुंबांनी याच वाटेने शेळ्या नाहीतर मधमाश्या पाळल्या आहेत. सुरुवात कराच्या हिशेबाने झाली, पण शेळ्या अंगणात आल्या की माणूस त्यांची नावं ठेवतो. चौथ्या करडाचं नाव त्याच्या मुलीने ठेवलं होतं.

मी इथे वीस वर्षं आहे, हरणाची आणि रानडुकराची शिकार करतो. त्यामुळे या बाबतीत घरच्या सगळ्यांचा फोन मलाच येतो. हे प्रकरण मी सविस्तर लिहितोय, कारण आम्ही शेवटी जी रायफल घेतली ती दुकानात सुचवलेल्या कुठल्याही रायफलीपेक्षा वेगळी निघाली, आणि तिच्यापर्यंत पोचायला आम्हाला दोन महिने लागले.

आधी गुन्हेगार कोण ते पाहिलं

कायोटी हा कोल्हा आणि लांडगा यांच्या मधला प्राणी. इथे तो दहा ते पंधरा किलोचा असतो. शब्द मूळचा मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतला, 'कोयोत्ल'. लांडगे संपल्यावर तो अमेरिकाभर पसरला. उंदीर, ससे, टोळ, मेस्किटच्या शेंगा, निवडुंगाची बोंडं, मिळेल ते खातो. सगळेच कायोटी शेळ्यांच्या वाटेला जात नाहीत, हे मला भावाला पहिल्यांदा पटवावं लागलं.

मी गेलो तेव्हा चौथं करडू ओढ्याकाठी पडलेलं होतं. हातमोजे घालून आम्ही मानेचं कातडं सोललं. ही पायरी कुणीही टाळू नये. कायोटी बहुधा जबड्याच्या मागे, गळ्याला धरतो. जनावर जिवंत असताना चावा बसला असेल तर कातड्याखाली रक्त साकळलेलं दिसतं. मेल्यावर कुणी कुरतडलं असेल तर दिसत नाही. इथे सुळ्यांची भोकं होती आणि भोवती काळंनिळं झालं होतं. म्हणजे हे कायोटीचंच काम. मोकाट कुत्री असती तर मागचे पाय, कान फाडलेले दिसले असते आणि एका रात्रीत तीन-चार जनावरं जखमी झाली असती.

पहिल्या तिघांचे फोटो त्याच्या फोनमध्ये होते. एकाची अवस्था अशीच होती. एकाबद्दल काहीच सांगता येत नव्हतं. आणि एक तर जन्मताच गेलेलं होतं, डोळे आणि जीभ खाल्लेली. ती खूण काळ्या गिधाडांची, आणि त्यांना केंद्राच्या कायद्याचं संरक्षण आहे. चारांतले दोन नक्की कायोटीचे. रायफल या दोनांसाठी घ्यायची होती.

त्याच आठवड्यात त्याला ग्रेट पिरेनीज जातीचा राखणीचा मोठा कुत्रा आणायला लावला आणि गाभण शेळ्या रात्री घराजवळच्या कुंपणात घ्यायला सांगितलं. आपल्याकडे धनगराच्या वाड्यावर कुत्री असतातच, त्यात नवीन काही नाही. पण कुत्रा रुळायला महिने जातात, आणि एकदा चव लागलेली जोडी तोवर थांबत नाही.

"तुझ्या नावावर घे ना"

भावाची पहिली सूचना हीच होती. तुझ्याकडे अनुभव, तुझी दुकानात ओळख, तू घे, मी पैसे देतो. हे मी ठामपणे नाकारलं. दुकानातून बंदूक घेताना ४४७३ क्रमांकाचा केंद्राचा फॉर्म भरावा लागतो आणि त्यात पहिल्या प्रश्नांतच विचारतात की खरा खरेदीदार तुम्हीच का. दुसऱ्याच्या पैशाने दुसऱ्यासाठी घेऊन तिथे 'हो' लिहिणं हा केंद्रीय गुन्हा आहे. परदेशी जन्मलेल्या माणसाने तर या वाटेला जाऊच नये.

आपल्या लोकांसाठी इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ग्रीन कार्ड असलेला माणूस रायफल घेऊ शकतो. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणंसुद्धा केंद्रीय कायद्याने बंद आहे. त्याला काही अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे राज्याचा चालू शिकार परवाना. मित्राच्या शेतावर 'सहज एक बार काढून बघतो' म्हणणाऱ्या कितीतरी मुलांना हे माहीत नसतं. भावाचं ग्रीन कार्ड आदल्या वर्षी आलं होतं, त्यामुळे तो प्रश्न सुटलेला होता.

टेक्सासात कायोटीला बंद हंगाम नाही, आणि जनावरांवर हल्ला केलेल्या किंवा करू पाहणाऱ्या कायोटीसाठी परवानाही लागत नाही. तरीही मी त्याला परवाना काढायला लावला. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्यावर शिकार करायची तर हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, आणि मला तो अभ्यासक्रमच हवा होता. त्याने आयुष्यात कधी बंदूक हातात धरली नव्हती.

त्याच्या बायकोची अट वेगळी होती. "दादा, तिजोरी आधी येईल, बंदूक नंतर." घरात नऊ आणि बारा वर्षांची मुलं. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं टेक्सासात गुन्हा आहे, पण ती कायद्यासाठी बोलत नव्हती. तिजोरी आधी आली.

जमीन मोजली तेव्हा

दुकानात विचारा, लोक काडतुसापासून सुरू करतात. आम्ही दोरी, खुंट्या आणि रंगीत झेंड्या घेऊन जमिनीपासून सुरू केलं.

वीस एकर ऐकायला मोठं वाटतं. त्याचा तुकडा ४४० यार्ड लांब आणि २२० यार्ड रुंद आहे. एक यार्ड म्हणजे ०.९१ मीटर. पूर्वेला घर आणि काउंटीचा रस्ता, पश्चिमेला शेजाऱ्याचं गवताचं रान आणि त्यापलीकडे त्याचं घर, उत्तरेला दुसऱ्याची गुरं, दक्षिणेला ओढा. टेक्सासात परवानगीशिवाय गोळी हद्दीपलीकडे गेली तर तो गुन्हा ठरतो. कायदा नसता तरी प्रश्न तोच राहिला असता. रायफलीची चुकलेली गोळी दीड मैलाच्याही पुढे जाऊ शकते. शिवाय खाली चुनखडीचा दगड. सपाट दगडावर तिरकी बसलेली गोळी उसळून कुठे जाईल याचा नेम नाही.

म्हणून आम्ही एकच प्रश्न धरून चाललो: इथून मारलेली गोळी कुठे थांबेल? क्षितिजावर दिसणारं जनावर बाद, कारण त्याच्यामागे फक्त आभाळ. सपाट रानात उभं राहून मारणं बाद. उरले तीन पट्टे. पहिला, पाण्याच्या टाकीचा मातीचा बांध. इथे 'टँक' म्हणजे गुरांसाठी खणलेलं तळं, आणि त्याचा बांध माणसाच्या दीडपट उंच होता. दुसरा, ओढ्याचा पलीकडचा चढ. तिसरा, सीडरच्या झुडपांची कड, जिथे मऊ माती होती. दहा फुटांचं मचाण अशा जागी उभं केलं की तिन्ही पट्ट्यांवर गोळी वरून खाली, मातीत जाईल. अंतरं मोजली: कड ९० यार्ड, ओढा १२०, बांध १६५.

१६५. या जमिनीवर यापेक्षा लांबचा बार नाहीच. हा आकडा हाती आल्यावर अर्धा वाद आपोआप मिटला.

काडतुसांची पारख

भावाने तोवर रात्री जागून भरपूर वाचलं होतं आणि तो .२२-२५० रेमिंग्टनच्या प्रेमात पडला होता. त्यात चूक काही नाही. रेमिंग्टनने १९६५ मध्ये ते बाजारात आणलं, आणि उघड्या माळावर कायोटी मारणाऱ्यांचं ते आजही लाडकं काडतूस आहे. ५५ ग्रेनची गोळी, म्हणजे जेमतेम साडेतीन ग्रॅम, सेकंदाला सुमारे ३,६८० फुटांच्या वेगाने निघते. .२२३ रेमिंग्टनमधून तेवढ्याच वजनाची गोळी ३,२४० फुटांनी निघते. कागदावर फरक मोठा दिसतो.

पण रायफल १०० यार्डांवर नेमात लावली तर २०० यार्डांवर .२२३ ची गोळी सुमारे तीन इंच खाली पडते आणि .२२-२५० ची सुमारे दोन. एक इंचाचा फरक. आमच्या १६५ वर तर त्याहून कमी. तिथे .२२३ ची गोळी दीड इंचाच्या आसपास पडते, म्हणजे नेम थेट छातीवर धरला तरी चालतो. .२२-२५० चं खरं देणं ३०० यार्डांच्या पुढे कळतं, आणि ते अंतर त्याच्या हद्दीतच नव्हतं. त्या वेगासाठी दारू जास्त जळते, नळीचा काडतुसाजवळचा भाग लवकर झिजतो, काडतूस महाग पडतं. नवशिक्याला हा शेवटचा मुद्दा सर्वांत जड, कारण त्याने आधी काही शे गोळ्या कागदावर मारायला हव्यात.

दुकानदाराचा आग्रह .२४३ विंचेस्टरचा होता. "एकाच रायफलीत हरीण, डुक्कर, कायोटी." १९५५ चं हे काडतूस मलाही आवडतं, माझ्या घरी आहे. वाऱ्यात त्याची जड गोळी कमी सरकते, आणि रानडुकरासाठी ते .२२३ पेक्षा नक्कीच बरं. जमीन दोनशे एकर असती तर मीही तेच म्हणालो असतो. पण हरणासाठी बनवलेली १०० ग्रेनची गोळी बारा किलोच्या कायोटीतून आरपार जाते आणि पुढे चालू लागते. उलट .२२३ ची ५५ ग्रेनची टोकाला प्लॅस्टिक असलेली व्ही-मॅक्ससारखी ठिसूळ गोळी बहुधा छातीतच फुटते. शेजाऱ्याचं घर दिसत असताना मला ती हवी होती. तरी ठिसूळ गोळीच्या भरवशावर दगडाकडे नेम धरायचा नाही, हे मी त्याला अनेकदा बजावलं.

.१७ एचएमआर आम्ही लगेच सोडलं. २००२ पासूनचं हे छोटं काडतूस १७ ग्रेनची गोळी फेकतं. सशाला छान. कायोटीला अगदी जवळून, अगदी नेमकं बसलं तर मारतं, नाहीतर जखमी करून सोडतं. जखमी जनावर झुडपात जाऊन दोन दिवस मरतं. ते मला सहन होत नाही, आणि शिकार करणाऱ्या कुणालाही होऊ नये. बारा बोअरची छर्ऱ्यांची बंदूक चाळीस यार्डांच्या आत, दाट सीडरमध्ये, रायफलीपेक्षा चांगली. पण भावाचं रान मोकळं होतं.

राहिला .२२३. प्रश्न होता अर्ध-स्वयंचलित एआर-१५ घ्यायची की दर बाराला हाताने खीळ ओढायची बोल्टची. एआर-१५ मध्ये दुसरा बार पटकन मिळतो, आणि दोन कायोटी एकत्र आले तर तो लागतो. पण पहिल्यांदाच बंदूक धरणाऱ्याला मी बोल्टचीच देतो. बोल्ट मागे ओढला की नळी रिकामी आहे की नाही ते डोळ्यांना दिसतं. बोल्ट काढून वेगळ्या कप्प्यात ठेवता येतो. आणि एकच बार आहे असं समजून माणूस थांबतो, बघतो, मग मारतो.

ताटल्यांची परीक्षा

एवढं बोलून झालं तरी भावाचं मन .२२-२५० वर होतं. म्हणून मी तीन रायफली जमवल्या, माझी .२४३ आणि मित्रांच्या दोन, आणि आम्ही एका रविवारी रेंजवर गेलो. कागदी ताटल्यांवर पाच इंची वर्तुळं काढली. कायोटीच्या छातीत फुप्फुस-काळजाची जागा साधारण तेवढीच असते. टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून सगळेच नेमबाज होतात, म्हणून टेबल बंद. खाली बसून, काठ्यांच्या आधाराने, पाच बार.

.२२३ ने त्याने १०० यार्डांवर पाचांत पाच मारले, १५० वर पाच, २०० वर तीन. .२२-२५० ने १५० वर चार, २०० वर तीन. वेगवान गोळीने त्याचा हात काही स्थिर केला नाही. .२४३ ने १०० वरच दोन चुकले. त्याला कळेना का. मग मी त्याच्या नकळत मॅगझिनमध्ये एक खोटं काडतूस घातलं. त्याने चाप ओढला, बार झाला नाही, पण नळी चांगली दोन इंच खाली गेली. धक्क्याच्या भीतीने तो आधीच खांदा ढकलत होता. सारख्या वजनाच्या रायफलीत .२४३ चा धक्का .२२३ च्या अडीच-तीन पट असतो. सवयीने तो जातो, पण त्याला डिसेंबरच्या आत तयार व्हायचं होतं. .२२३ मध्ये आणखी एक सुख: धक्का इतका कमी की गोळी कुठे लागली ते स्कोपमधून, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीतून, स्वतःला दिसतं. नवशिक्याचा याहून चांगला मास्तर नाही.

परतताना गाडीत तो स्वतःच म्हणाला, ".२२३ घेऊ."

मग रुगर अमेरिकन, सॅव्हेज ॲक्सिस आणि फिनलंडची टिक्का या तिन्ही त्याने खांद्याला लावून पाहिल्या. टिक्काचा बोल्ट लोण्यासारखा चालतो, पण त्या पैशात स्कोप आणि काडतुसं बसत होती. त्याने रुगर अमेरिकन प्रेडेटर घेतली, २२ इंची नळीची. नळीतल्या आट्यांचा पीळ आठ इंचांत एक फेरा, म्हणजे ५५ ग्रेनची गोळी चालतेच आणि पुढे ७०-७५ ग्रेनचीही चालेल. त्याच्या ऑफिसातला एकजण जुनी .२२३ स्वस्तात देत होता. तिचा पीळ बारा इंचांत एक होता, तिला जड गोळ्या सोसल्या नसत्या. स्वस्त दिसणारी जुनी रायफल घेताना हा आकडा जरूर विचारावा.

स्कोप ३-९×४०, म्हणजे तीन ते नऊपट मोठं दाखवणारा, साधा. लोक इथे मोठमोठे आकडे घेतात आणि कायोटी चाळीस यार्डांवर अचानक उभा राहिला की स्कोपमध्ये नुसते केस दिसतात. तीनपट हवाच. थर्मल स्कोप मी पहिल्या वर्षी नको म्हटलं, आणि याचं कारण पैसा नव्हता. रात्री थर्मलमध्ये गरम आकृती दिसते. ती कायोटीची, शेजाऱ्याच्या कुत्र्याची की आपल्याच पिरेनीजची, हे ओळखायला सराव लागतो, आणि मागची माती नीट कळत नाही.

दुकानात त्याची एफबीआयकडची तपासणी लगेच मंजूर झाली नाही, दोन दिवस अडकली. ग्रीन कार्डवाल्यांचं असं होतं, घाबरू नये. मग तीन कंपन्यांच्या काडतुसांचा एकेक डबा आणला. एकीच्या गोळ्या १०० यार्डांवर दोन इंचांत पसरत होत्या, व्ही-मॅक्सच्या इंचाभरात. तेच डबे आणखी घेतले. जानेवारीपर्यंत त्याने सव्वादोनशे गोळ्या कागदावर मारल्या, कानाला प्लग आणि वरून मफ लावून.

जानेवारी, फेब्रुवारी

जानेवारीत कायोटींच्या जोड्या जमतात आणि ते हद्द राखू लागतात. बोलावलं तर येतात. आम्ही संध्याकाळी मचाणावर बसलो, वारा तोंडावर घेऊन, आणि सशाच्या किंकाळीचा आवाज लावला. विसाव्या मिनिटाला एक आला. पण सरळ येईना. वास घ्यायला वाऱ्याच्या खालच्या अंगाने वळसा घालत उत्तरेच्या उंचवट्यावर चढला आणि थांबला. अंतर जेमतेम १०० यार्ड, पूर्ण आडवा, मागे केशरी आभाळ. भावाने स्कोपमधून बराच वेळ पाहिलं आणि सेफ्टीवरचं बोट काढून घेतलं. मी काही बोललो नव्हतो.

त्यानंतर चार संध्याकाळी रिकाम्या गेल्या. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, मी नसताना, तो एकटाच बसला होता. सूर्य मावळायच्या आधी ओढ्यातून एक नर वर आला, चढाच्या पायथ्याशी थांबून शेळ्यांच्या कुंपणाकडे बघू लागला. अंतर १२० यार्ड. वारा नव्हता. वारा असता तर त्याने थांबायचं असं आमचं ठरलं होतं, कारण ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात ही हलकी गोळी १६५ वर सुमारे तीन इंच सरकते, पडते त्याच्या दुप्पट. त्याने एक बार काढला. कायोटी जागेवर बसला. गोळी बाहेर आली नव्हती.

त्याला उघड्या हातांनी शिवू नकोस, हे मी फोनवर पहिलं सांगितलं. १९८८ मध्ये दक्षिण टेक्सासात कायोटींमध्ये रेबीजची साथ पसरली होती. १९९५ पासून विमानातून लशीचे घास टाकून ती मागे रेटली. पण हातमोज्यांची सवय आम्ही सोडलेली नाही.

मार्च-एप्रिलमध्ये अकरा करडं झाली आणि अकराही राहिली. त्यातलं किती रायफलीमुळे, किती कुत्र्यामुळे आणि किती रात्री कुंपणात घेतल्यामुळे, ते वेगळं काढता येत नाही. मला वाटतं कुत्र्याचा वाटा मोठा आहे. ओढ्यापलीकडे अजून एक जोडी रात्री ओरडते. ती शेळ्यांकडे येत नाही, म्हणून आम्ही तिच्या वाटेला गेलेलो नाही.

गेल्या महिन्यात त्याच्या एका मित्राने पश्चिम टेक्सासात तीनशे एकर भाड्याने घेतले. तिथला माळ उघडा, बार लांबचे. भावाचा पुन्हा फोन: "दादा, आता तरी .२२-२५०?" मी म्हटलं, तिथे ती शोभेल, पण आधी आहे त्या रायफलीने २५० यार्डांवर ताटल्या लाव, बसून, काठ्यांवर. परवा त्याने ताटलीचा फोटो पाठवला. वर्तुळात दोन भोकं, बाहेर तीन.

"अजून हजार गोळ्या," त्याने खाली लिहिलं होतं.